तीन तोंडं, एक कागद

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर न देणारी माणसं मी टपाल खात्याच्या काउंटरवर छत्तीस वर्षं पाहिली. पण त्या सगळ्यांना एका पारड्यात घातलं आणि दुसऱ्यात आमच्या व्याह्यांना बसवलं, तर व्याह्यांचं पारडं जमिनीला टेकेल. हा माणूस उत्तर देतच नाही. उत्तर येत असतं, चांगलं येत असतं, ते तोंडात सुपारीसारखं धरून बसतो आणि आपल्यालाच विचारतो, "तुम्हाला काय वाटतं?" अहो, मला काय वाटतं ते मला ठाऊक असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? माझं सगळं आयुष्य उत्तरं देण्यात गेलेलं. रजिस्टर तीन नंबर, मनीऑर्डर पाच नंबर, डिंक खिडकीपाशी, पेन दोरीला. माणूस येतो, विचारतो, उत्तर घेतो आणि मार्गी लागतो. असं असलं म्हणजे जग चालतं. आणि देवानं माझ्या एकुलत्या एक मुलासाठी सासरा कुठला शोधून काढला, तर हा.

पहिली भेट मला अजून आठवते. मुलानं परस्पर जमवलेलं होतं. आम्ही आपले रीत म्हणून गिरगावात त्यांच्या वाडीत गेलो होतो. मी, आमची ही आणि माझे थोरले बंधू. कांदेपोहे आले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, मुलीचं शिक्षण कुठपर्यंत झालंय? व्याही म्हणाले, ती आतच आहे, तिलाच विचारा, मी सांगितलं तर ते ऐकीव होईल. स्वतःच्या पोटच्या मुलीचं शिक्षण, आणि ऐकीव. पुढे बंधूंनी हात धुवायची जागा विचारली. तेव्हा या गृहस्थांनी त्यांना गॅलरीच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि पाण्याचा पाइप कुठून कुठे जातो ते पाहून अंदाज करायला सांगितला. आमचे बंधू तेलकट हात वर धरून पाइपाच्या मागे मागे गेले ते थेट शेजाऱ्यांच्या मोरीत निघाले. लालबागला आमच्या घरी पोचेपर्यंत ते रुमालाला हात पुसत होते. आमची ही मात्र टॅक्सीत तोंडाला पदर लावून हसत होती. ही बाई एक दिवस त्यांच्या पार्टीला जाऊन मिळणार, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ही खोड त्यांना नोकरीनं लावली. एका दप्तरखान्यात जन्माच्या जुन्या नोंदी सांभाळण्यात त्यांची हयात गेली. तिथे माणसं यायची, स्वतःची जन्मतारीख छातीठोकपणे सांगायची, आणि वहीत निघायची भलतीच. एका आजीबाईंना सत्तरीत कळलं की ज्या बहिणीला आपण जन्मभर धाकटी म्हणून दटावलं, ती आपल्यापेक्षा दीड वर्षानं मोठी आहे. त्या तिथेच बाकावर बसून रडल्या म्हणे. मग कोणी कोणाच्या पाया पडायचं यावरून दोघींत अबोला झाला. अशा अनुभवांतून व्याह्यांनी नियम काढला, की कुठलीही गोष्ट खरी मानायची तर तीन तोंडं आणि एक कागद हवा. तीन वेगवेगळ्या माणसांनी ती सांगितली पाहिजे आणि कुठेतरी लिहिलेली सापडली पाहिजे. बरं, तेवढ्यावर तरी भागावं? प्रत्येक तोंडापुढे आणखी टिपणं हवीत. कोणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं का, आणि सांगणाऱ्याला त्यात काय मिळतं. ही टिपणं ते जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर करतात. आमच्या मुलाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांवर भुलेश्वरच्या बाजारात कोथिंबीर कुठून येते याचा शोध लिहिलेला आहे, आणि तो अपुरा आहे, कारण तिसरा भाजीवाला बोलायला तयार नव्हता.

निवृत्तीनंतर माणसानं सकाळी चालायला जावं, देवाचं नाव घ्यावं, डॉक्टरच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात. यांनी वाडीतली पोरं गोळा केली. दर रविवारी सकाळी गॅलरीत सतरंजी आणि तिच्यावर सात-आठ पोरं. सुरुवातीला आईबापांना वाटलं की काका फुकट शिकवणी घेतायत, स्कॉलरशिपला उपयोग होईल. त्यांनी पोरं धुऊनपुसून, भांग पाडून पाठवली. तिसऱ्या आठवड्यात एक आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या मुलाला शाळेत तोंडी परीक्षेत महाराष्ट्राची राजधानी विचारली होती. पोरगं म्हणालं, पुस्तकात मुंबई लिहिलंय, पण हा एकच कागद झाला, तोंडं अजून बाकी आहेत. बाईंनी शून्य दिलं. ती आई तावातावानं हे सांगत होती आणि आमचे व्याही चष्मा पुसत इतके खूश दिसत होते की मला त्यांची लाज वाटली. त्यांनी त्या मुलाला बोलावलं, पाठ थोपटली आणि म्हणाले, "छान. मग पुढे किती तोंडं मिळाली?" आईनं मुलाचा दंड धरला आणि त्याला घेऊन गेली. पुढच्या रविवारी पोरगं पुन्हा सतरंजीवर हजर. आईला काय थाप मारून आलं होतं कोण जाणे.

जवळच्याच खोताच्या वाडीचा प्रकार तर माझ्या डोळ्यांदेखत झाला. तिथल्या लाकडी घरांचे जिने बाहेरच्या अंगाला का, असं एका मुलीनं विचारलं. मी तिथेच बसलो होतो. मी म्हणालो, आत जागा नाही म्हणून. संपला विषय. व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पोरांच्या ताटात माती कालवली. मग निघाली वरात. पुढे हे, मागे पोरं, हातात पत्रिका आणि पेन्सिली. पहिल्या घरातल्या म्हाताऱ्या आंटींनी सगळ्यांना केक दिला आणि सांगितलं की वरचा मजला भाड्यानं द्यायचा असे, भाडेकरू आपल्या दिवाणखान्यातून कशाला न्यायचा. शेजारच्या काकांनी सांगितलं की पाहुण्याला परस्पर माडीवर जाता यावं म्हणून. तिसऱ्या घरात सांगितलं की लाकूड पावसात फुगतं, जिना बाहेर असला की बदलायला सोपा. तीन तोंडं, तीन गोष्टी. एखाद्यानं कपाळाला हात लावला असता. हे म्हणाले, उत्तम, आता कागद शोधू. चार महिने शोधला. कागद सापडला नाही. केक मात्र दर रविवारी मिळत होता, त्यामुळे संशोधनात कोणी खंड पडू दिला नाही.

आणि मोबाइल. मला वाटलं होतं मोबाइल आला की यांचं दुकान बंद होईल. मी मुद्दाम आमच्या नातीला, मनवाला, तिच्या वाढदिवसाला टॅब घेऊन दिला. ती आमच्याकडे लालबागला राहते, शनिवारी संध्याकाळी गिरगावला जाते आणि रविवारी डोक्यात वारं भरून परत येते. म्हटलं, आता विचार बाई काय विचारायचंय ते, अर्ध्या मिनिटात उत्तर, माझ्या काउंटरपेक्षाही जलद. व्याह्यांनी टॅब हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, कौतुक केलं. मग तिला म्हणाले, हे एक तोंड धरायचं, जरा बडबडं आहे, पण तोंड आहे. आता आणखी दोन आण. पंधरा हजारांची वस्तू, आणि तिची किंमत त्या भाजीवाल्याइतकी केली.

असा हा मनुष्य. मी त्याला हसत होतो, त्याची टिंगल करत होतो, सोसायटीच्या बाकावर त्याच्या नकला करून दाखवत होतो. ही नसती उठाठेव एक दिवस माझ्याच अंगाशी येईल, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, हे सांगायला नको. लालबागला दुसरं काय होतं. नव्या इमारतीत मुलांसाठी एक अभ्यासिका करायचं ठरलं आणि तिला माझ्या वडिलांचं नाव द्यावं, असा मी आग्रह धरला. आग्रह कसला, दोन वर्षं मी सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला जाऊन सगळ्यांचं डोकं खाल्लं. कारणही तसंच होतं. माझे बाबा सतराव्या वर्षी कोकणातून आले ते गिरणीत साचेखात्यात लागले, म्हणजे मागावर कापड विणायला. चाळीत गावच्या मंडळाची एक खोली होती. तीस माणसं, तीस ट्रंका, पाळीपाळीनं झोपायचं. त्या काळात पाळी संपल्यावर रस्त्यापलीकडच्या चाळीत जाऊन बाबांनी अडाणी कामगारांना लिहायला-वाचायला शिकवलं, त्यांचा वर्ग चालवला. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या मुंजीत ऐकली, लग्नात ऐकली, बाबांच्या तेराव्याला तर तीन जणांनी उठून सांगितली. मी पोस्टात साधा कारकून झालो, पण अशा बापाचा मुलगा होतो. शेवटी सोसायटीनं मान्य केलं. काळ्या ग्रॅनाइटची पाटी सांगितली, चौदा जानेवारीला उद्घाटन ठरलं, आणि मी नवा सदरा शिवायला टाकला.

त्याच सुमारास मनवाला शाळेतून प्रकल्प मिळाला, आपल्या कुटुंबातल्या एका व्यक्तीबद्दल माहिती. मी म्हटलं, चालून आलंय. तिला समोर बसवून बाबांची गोष्ट सांगितली, दोन पानं होतील इतकी. लिही आणि फोटो चिकटव, म्हटलं. तिनं सगळं लिहून घेतलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाली, "आजोबा, हे एक तोंड झालं." मी हसलो. कौतुकानं हसलो, हे कबूल करतो.

मग महिनाभर ही पोर कुठे कुठे जात होती. शाळा सुटली की आमच्याच इमारतीत दहाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मालवणी आजींकडे. रविवारी गिरगावच्या आजोबांचं बोट धरून रस्त्यापलीकडच्या बुद्धविहारात, तिथून कोणाचा तरी पत्ता घेऊन शीवला. मी विचारलं की म्हणायची, अजून चालू आहे. मग ती माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवताना ताटात बघायची. मी समोर आलो की वही दप्तरात. मला वाटलं, मुलगी मोठी व्हायला लागली. प्रकल्प द्यायचा दिवस जवळ आला होता आणि हिच्या कागदावर नुसतं शीर्षक. सुनेनं विचारलं तर म्हणाली, मी यावेळी प्रकल्प देणार नाही, शून्य मिळालं तरी चालेल.

आणि एका बुधवारी दुपारी न कळवता व्याही दारात. आमच्याकडे व्याही असा येत नाही. फोन येतो, वेळ ठरते, दुधी हलवा होतो. हे पेढ्यांचा पुडा हातात धरून उभे होते आणि घामाघूम झाले होते. बसले. पाणी प्याले. पाच मिनिटं झाली तरी या माणसानं एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हा मला धास्ती वाटली. म्हटलं, कोणी गेलं की काय.

त्यांनी पिशवीतून मनवाची वही काढून माझ्या हातात दिली. मी उघडली. पहिल्याच पानावर, सुवाच्य अक्षरात:

कोणी सांगितलं: लालबागचे आजोबा.
स्वतः पाहिलं का: नाही.
त्यात त्यांना काय मिळतं: पाटी.

अकरा वर्षांची पोर. माझ्या मांडीवर वाढलेली. मला हसू आलं की राग आला ते आता आठवत नाही. मी पान उलटलं. पुढे दहाव्या मजल्यावरच्या आजींचं तोंड. त्या बारा-तेराव्या वर्षी लग्न होऊन चाळीत आलेल्या, त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांचं बोलणं पोरीनं जसंच्या तसं उतरवलं होतं. "तुजो पणजो शिकत होतो गो चेडवा. शिकवणारो वेगळो. जाधव मास्तर."

जाधव मास्तर हे रस्त्यापलीकडच्या चाळीतले. गिरणीतच होते, पण कताईच्या खात्यात. साचेखात्यात त्यांच्या जातीच्या माणसांना घेत नसत, कारण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि त्यांच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नसे. माझ्या बाबांच्या खात्यात ज्यांना दारातून आत येऊ देत नव्हते, ते मास्तर संध्याकाळी आपल्या चाळीतल्या समाजमंदिरात वर्ग घ्यायचे. आणि बाबा तिथे विद्यार्थी होते. पुढचं टिपण मास्तरांच्या मुलाचं होतं, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, राहणार शीव. त्यानं हजेरीची वही जपून ठेवली होती. मनवानं लिहिलं होतं, कागद: पाहिला. खाली लिहिलं होतं, पणजोबांचं नाव सातवं आहे.

मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. व्याह्याला बोलू नये ते सगळं मी व्याह्याला बोललो. तुम्हाला दुसऱ्यांच्या घरात उकरायचा धंदाच जडलाय, म्हटलं. पोरांच्या डोक्यात किडे सोडता आणि वर शोध म्हणता. माझा मेलेला बाप तुमच्या नियमात बसवायला निघालात, म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "ते शिकत होते म्हणणारी तोंडं दोनच धरू. तिसरं मी खोडतो. दोन तोंडांवर गोष्ट खरी ठरत नाही, मनवाला मी तसं सांगतो. तुम्ही पाटी लावा."

ज्या माणसानं कोथिंबिरीच्या बाबतीत तडजोड केली नव्हती, तो माणूस माझ्या पाटीसाठी स्वतःचा नियम मोडायला गिरगावातून दुपारच्या उन्हात आला होता. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. खोडतो, म्हणजे तिसरं तोंड आहे. मी पान उलटलं. कोणी सांगितलं: लालबागची आजी.

आमची ही चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे, चहावर साय धरली होती. मी विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो. बाबा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा ही त्यांना पेपर वाचून दाखवायची. एकदा सहज विचारलं, मामंजी, तुमच्या गावात शाळाच नव्हती, मग तुम्ही वाचायला शिकलात कुठे? त्यांनी सगळं सांगितलं. मंडळाच्या खोलीत कळलं असतं की हा पलीकडे जाऊन त्यांच्याकडे शिकतो, तर ट्रंक बाहेर टाकली असती, ताट वेगळं केलं असतं. म्हणून ते खोलीत म्हणाले, मामाच्या गावाला थोडं शिकलोय, मी तिकडे शिकवायला जातो. शिकवायला जातो म्हटल्यावर सगळ्यांनी शाबासकी दिली. शाबासकी एकदा घेतली की परत कशी करणार? ती त्यांच्या गळ्यात तशीच राहिली, मुंजीत, लग्नात, शेवटपर्यंत.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी? आणि तू तरी?"

"कोणी विचारलं तर सांग म्हणाले होते," ही म्हणाली. "तीस वर्षांत तुम्ही विचारलंत कुठे? मनवानं विचारलं."

व्याही कधी उठून गेले ते मला कळलं नाही. पेढ्यांचा पुडा तसाच टीपॉयवर होता.

शनिवारी मी मनवाला म्हटलं, चल, मला शीवला घेऊन चल. ती माझ्याकडे बघायला घाबरत होती. टॅक्सीत मध्येच तिनं विचारलं, तुम्ही तिथे भांडणार का? मी नाही म्हटलं. मास्तरांचा मुलगा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या कपाटातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. सातवं नाव. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नावापुढे अंगठा. जांभळी शाई, रोज एक अंगठा. ऑक्टोबरात एके दिवशी अंगठा नाही, सही. वाकडी, ओळीबाहेर गेलेली, आणि खाली दोन रेघा मारलेल्या. त्या दोन रेघा मी ओळखल्या. माझ्या प्रगतिपुस्तकावर दर तिमाहीला त्या असायच्या. मला वाटायचं बाबा ऐटीसाठी मारतात. मला रडू आलं, आणि परक्याच्या घरात, नातीसमोर, ते मी आवरलंही नाही. मास्तरांचा मुलगा म्हणाला, तुमचे वडील दर दसऱ्याला आमच्याकडे सोनं द्यायला यायचे, मागच्या जिन्यानं. मास्तर गेल्यावरही यायचे. मागच्याच जिन्यानं.

सोमवारी मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन पाटीचा मजकूर बदला म्हणून सांगितलं. एकजण कुरकुरला, बिल्डिंग आपली, नाव पलीकडच्याचं कशाला. त्याला मी काउंटरवरच्या आवाजात विचारलं की तुझा बाप लिहायला कोणाकडे शिकला ते सांग, तीन तोंडं आण, मग बोल. हे वाक्य माझ्या तोंडून गेल्यावर मी स्वतःच चरकलो. पाटीवर ठरलं, जाधव मास्तर अभ्यासिका. खाली बारीक अक्षरात, त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या कुटुंबाकडून. चेअरमन भला माणूस, म्हणाला, नुसतं विद्यार्थी कसं दिसेल, पहिले विद्यार्थी लिहू. मनवा शेजारी उभी होती. म्हणाली, वहीत सातवे आहेत. तेव्हा ग्रॅनाइटवर सातवे असं कोरलेलं आहे, कोणीही येऊन वाचावं.

उद्घाटनाला मास्तरांचा मुलगा आला, पुढच्या दारानं आला, मीच त्यांना खाली जाऊन घेऊन आलो. तिळगूळ वाटला गेला, टाळ्या झाल्या, चेअरमनचे डोळे ओले झाले. अशा वेळी माणसानं गप्प बसावं की नाही? आमचे व्याही गिरगावातून आणलेली सगळी पोरं पाटीसमोर उभी करून म्हणाले, "हे सातवे. मग पहिले सहा कोण?" आणि पोरांनी पत्रिका बाहेर काढल्या. तिळगुळाचे हात, त्याच हातांनी लिहायला लागली. मी ठरवलं की या माणसाला सुधारणं आपल्या हातात नाही.

आता त्यांची वाडीही पाडायला घेतली आहे. त्यांना तात्पुरती जागा कल्याणच्याही पलीकडे मिळाली. पोरं पांगली; कोणी बोरिवलीला, कोणी वसईला. नव्या जागेत शेजारी दारं लावून बसतात, कोणी काही विचारत नाही. मनवा नववीत गेली, तिला रविवारी क्लास असतो. म्हणून महिन्यातून दोनदा मीच जातो. चहा पाणचट करतात, तसं मी तोंडावर सांगतो. बसायला एकच धड खुर्ची आहे आणि तीही ते मला देतात, कारण मी मुलाकडचा.

मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, तुमचे वडील तुम्हाला शाळेत सोडायला यायचे का? मी म्हटलं, हो, पाळी नसली की यायचे. फाटकापर्यंत. मग निघून जायचे का, त्यांनी विचारलं. मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता अडखळलो. बाबा जायचे नाहीत. फाटकाबाहेर, आमच्या वर्गाच्या खिडकीखाली उभे राहायचे, आम्ही कविता म्हणायचो ती संपेपर्यंत. मला वाटायचं माझ्यावर लक्ष ठेवतायत. मला त्यांचा राग यायचा.

व्याह्यांनी पेनाचं टोपण काढलं. पत्रिका उलटी केली, आमच्याच मुलाच्या लग्नाची, शेवटची उरलेली.

"हे आणखी कोणी पाहिलंय?"

"नाही. बंधू गेले. वर्गातलं आता कोणी माहितीत नाही."

त्यांनी पत्रिका गुडघ्यावर नीट ठेवली.

"तोंड एकच उरलंय," म्हणाले. "असू दे. लिहून ठेवू."